घनफळाचें गणित आणि गच्चीवरची टाकी

वार्षिक परीक्षा जवळ आली, कीं ज्या घरांत शिकणारीं मुलें आहेत त्या घरांतील संध्याकाळचें स्वरूप पालटतें. देवापाशीं दिवा लागतो, परवचा होतो, आणि लगेच वह्यापुस्तकें उघडून मुलें ओळीनें बसतात. भाषेचा धडा असला तर मोठ्यानें वाचन चालतें, इतिहासाच्या सनावळ्या असल्या तर घोकंपट्टी चालते. परंतु गणिताच्या वहींत घनफळाचें शाब्दिक उदाहरण आलें, कीं आवाज हळूहळू थांबतो. पेन्सिलीचें टोंक तोंडांत जातें, नजर आढ्याकडे लागते, आणि थोड्या वेळानें 'बाबा, येथें गुणायचें कीं भागायचें?' हा ठराविक प्रश्न येतो. ज्यांच्या घरीं हा प्रश्न कधींच आला नाहीं, त्या वाचकांनीं स्वतःस भाग्यवान समजावें. पण असे वाचक फार थोडे असतील.

सदाशिव पेठेंतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत असाच एक प्रसंग घडला. जुना वाडा जाऊन त्या जागीं आतां चार मजल्यांची इमारत उभी आहे. तरी आजी, आजोबा, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडें अशी सारी मंडळी एकत्र राहतात, आणि स्वयंपाकहि एकच होतो. धाकट्या मुलाचा मुलगा सातवींत आहे. त्याच्यापुढें उदाहरण होतें तें असें : एका टाकीची आंतील लांबी २ मीटर, रुंदी १.५ मीटर व खोली ८० सेंटिमीटर आहे, तर तींत किती लिटर पाणी मावेल? मुलानें तिन्ही आंकडे धडाधड गुणले. दोन गुणिले दीड तीन, तीन गुणिले ऐंशी दोनशें चाळीस. उत्तर, २४० लिटर. पुस्तकाच्या शेवटीं पाहतो तों तेथें २४०० छापलेलें. त्यानें क्षणभर विचार केला, आणि आपल्या उत्तरापुढें मुकाट्यानें एक शून्य वाढविलें.

वडिलांनीं तें पाहिलें. 'हें शून्य कोठून आलें?' मुलगा निरुत्तर झाला. 'अरे, सातवींत आलास आणि अजून अंदाजानें शून्यें देतोस?' शेजारीं वर्तमानपत्र वाचीत बसलेले काका म्हणाले, 'जाऊं दे रे, त्याला गणिताचें अंगच नाहीं. कोणाला असतें, कोणाला नसतें.' बोलणें सहज होतें, त्यांत रागहि नव्हता. पण मुलाचा चेहरा उतरला. आपल्याला गणिताचें अंग नाहीं, असा निकाल त्या संध्याकाळीं घरांतील वडील माणसांनीं दिला, आणि त्यानें तो ऐकला. असे निकाल आपल्या घरांतून किती सहज लागतात, आणि ते मनांतून पुसून टाकावयास मुलांना पुढें किती वर्षें लागतात, याचा विचार आपण क्वचितच करतों.

आजी तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं सूप बाजूला ठेवलें आणि म्हणाल्या, 'बाळ, वही मीट, आणि खडू व टेप घेऊन माझ्याबरोबर गच्चीवर चल.'

गच्चीवर आजींनीं नातवाकडून फरशीवर एक चौकोन काढविला. एक बाजू दोन मीटर, दुसरी दीड मीटर. 'ही तुझ्या गणितांतली टाकी. नीज पाहूं तींत.' मुलगा आडवा झाला. पाय ताणूनहि जागा उरली. 'आतां ऊठ, आणि ऐंशी सेंटिमीटर कोठवर येतात तें टेपनें पाहा.' टेप त्याच्या कमरेच्या वर गेला. 'आतां सांग; आपल्या न्हाणीघरांतली बादली पंधरा लिटरांची आहे. तुझें पहिलें उत्तर खरें असेल, तर ही एवढी टाकी सोळा बादल्यांत कांठोकांठ भरली पाहिजे. भरेल का रे?' मुलगा थोडा वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिला. 'आजी, एका बादलीनें तर नुसता तळ भिजेल. सोळा बादल्यांनीं माझा घोटासुद्धां जेमतेम बुडेल.' आणि बोलतां बोलतां तो थबकला. 'आजी, मीं ऐंशीचे मीटर केलेच नाहींत!'

त्यानें केलेला अंदाज अगदीं नेमका होता. पंधरा लिटर पाणी तीन चौरसमीटर तळावर पसरलें, तर अर्धा सेंटिमीटर चढतें. सोळा बादल्यांनीं आठ सेंटिमीटर, म्हणजे घोट्याइतकेंच. ८० सेंटिमीटर म्हणजे ०.८ मीटर हें ध्यानांत आल्यावर त्यानें तेथेंच खडूनें हिशेब केला : २ गुणिले १.५ गुणिले ०.८ बरोबर २.४ घनमीटर, घनमीटरास हजार लिटर, म्हणून २४०० लिटर, बादल्या एकशें साठ. मघाशीं जें शून्य चोरून आलें होतें, तें आतां हक्कानें आलें.

आजींनीं सूत्र सांगितलें नाहीं, कीं रीत सांगितली नाहीं. त्यांनीं मुलाला टाकी दाखविली, एवढेंच. आमच्या मतें या विषयाचें सारें मर्म एवढ्यांतच आहे. घनफळाच्या उदाहरणांत मुलें अडतात तीं गुणाकारापाशीं नव्हे, तर चित्रापाशीं. जी वस्तु डोळ्यांपुढें उभी राहिली नाहीं, तिचे आंकडे कितीहि बिनचूक गुणले तरी उत्तराला अर्थ येत नाहीं.

थर आणि ठोकळे

लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हें सूत्र मुलांना पाठ असतें. आणि पाठ असतें म्हणूनच कित्येकदां घोटाळा होतो. तीन आंकडे दिसले कीं गुणावयाचे, अशी हाताला संवय लागते, आणि हे तीन आंकडे कशाचे आहेत हें डोळा पाहत नाहीं. याकरितां सूत्राच्या आधीं बर्फीचा डबा पुढें ठेवावा. लांबीकडून चार वड्या, रुंदीकडून तीन. तीन चोक बारा, म्हणजे एका थरांत बारा वड्या. असे पांच थर असतील तर साठ वड्या. येथें दोनदां गुणाकार कां केला, हें मुलाला समजावून सांगावें लागत नाहीं. पहिल्या गुणाकारानें एक थर मिळाला, दुसऱ्यानें सारे थर मिळाले.

टाकींतलें पाणीहि असेंच थराथरानें चढतें. तळाचें क्षेत्रफळ हा एक थर, आणि खोली म्हणजे असे किती थर तें. ही गोष्ट एकदां मनांत बसली, म्हणजे टाकी चौकोनी असो वा विहीर गोल असो, रीत एकच राहते. विहिरीचा व्यास ७ मीटर असून तींत ४ मीटर पाणी आहे असें समजा. त्रिज्या साडेतीन, तिचा वर्ग सव्वाबारा, त्यास बावीस-सप्तमांशांनीं गुणलें म्हणजे तळाचें क्षेत्रफळ साडेअडतीस चौरसमीटर. त्यास चारानें गुणिलें, १५४ घनमीटर. म्हणजे १,५४,००० लिटर. नवीन असें येथें कांहींच नाहीं. केवळ थराचा आकार बदलला.

मापांचा गोंधळ

दुसरा अडथळा मापांचा. मीटरचे सेंटिमीटर करतांना शंभरानें गुणावें हें मुलाला ठाऊक असतें. परंतु घनमीटरचे घनसेंटिमीटर करतांना तोच शंभर तीन वेळां येतो, हें तो विसरतो. एक मीटर बाजूचा मोठा ठोकळा घेऊन त्यांत सेंटिमीटर बाजूचे लहान ठोकळे रचूं लागलों, तर एका ओळींत शंभर, एका थरांत शंभर ओळी, आणि असे शंभर थर. मिळून दहा लक्ष. एक लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्यांत मावणारें पाणी, म्हणजे एक हजार घनसेंटिमीटर. म्हणून एका घनमीटरांत एक हजार लिटर. हे दोन आंकडे पाठ करण्यापेक्षां एकदां असे रचून पाहावे. मग ते विसरत नाहींत. उदाहरण सोडवितांना तिन्ही मापें आधीं एका भाषेंत आणावीं. आपल्या टाकीचींच मापें सेंटिमीटरांत मांडलीं, तर २०० गुणिले १५० गुणिले ८० मिळून २४,००,००० घनसेंटिमीटर होतात. हजारानें भागल्यावर तेच २४०० लिटर येतात.

तिसरा अडथळा शब्दांचा. 'आंतील' आणि 'बाहेरील' हे दोन शब्द मुलें वाचीतच नाहींत. एका लांकडी पेटीची बाहेरील मापें ५०, ४० व ३० सेंटिमीटर आहेत, आणि फळी सर्वत्र एक सेंटिमीटर जाडीची आहे. तर पेटीला लांकूड किती लागलें? बाहेरून घनफळ ६०,००० घनसेंटिमीटर. आंत मात्र प्रत्येक मापांतून दोन्ही बाजूंच्या फळ्या वजा झाल्या पाहिजेत. म्हणून ४८, ३८ व २८, आणि घनफळ ५१,०७२. वजाबाकी केली म्हणजे लांकूड ८,९२८ घनसेंटिमीटर. पण पेटीला झांकण नसेल तर? मग उंचींतून एकच फळी वजा होईल, आंतील उंची २९ धरावी लागेल, आणि लांकूड ७,१०४ घनसेंटिमीटर येईल. 'झांकण' या एका शब्दानें उत्तर बदललें. गणिताची परीक्षा ही अशा रीतीनें वाचनाचीहि परीक्षा असते.

कांहीं उदाहरणांत आकार मोडतो आणि घनफळ मात्र कायम राहतें. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा खणून निघालेली माती २० मीटर लांब व १५ मीटर रुंद अंगणांत सारखी पसरली, तर अंगण किती उंच होईल? माती ३० घनमीटर, अंगण ३०० चौरसमीटर. म्हणून उंची एक-दशांश मीटर, अर्थात दहा सेंटिमीटर. 'येथें गुणायचें कीं भागायचें?' या प्रश्नाचें उत्तर सूत्रांत नाहीं. तें मातीच्या ढिगाऱ्याकडे पाहिल्यानें मिळतें. सारी माती माहीत आहे, एक थर माहीत आहे, आणि थर किती तें काढावयाचें आहे, म्हणून भागावयाचें. खणून काढलेली माती मोकळी होऊन फुगते, हा अनुभवाचा भाग निराळा. शाळेच्या उदाहरणांत ती फुगत नाहीं असें धरून चालतात.

भास्कराचार्यांची रीत

वस्तु पुढें ठेवून मग गणित सांगण्याची ही रीत आपल्याकडे नवीन नाहीं. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा; वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ रचिला, आणि लीलावती हा त्याचाच अंकगणिताचा भाग. चाळीसगांवाजवळ पाटण येथें १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची हकीकत त्यांत आहे. आमच्या पुण्यापुरतें सांगावयाचें, तर येथील आनंदाश्रमानें १९३७ सालीं गणेश दैवज्ञांच्या बुद्धिविलासिनी टीकेसह लीलावती प्रसिद्ध केली.

त्या ग्रंथांत घनफळाच्या प्रकरणांचीं नांवेंच पाहावीं. खातव्यवहार म्हणजे खणलेल्या खड्ड्यांचें व विहिरींचें गणित. चितिव्यवहार म्हणजे विटांच्या रचनेचें. राशिव्यवहार म्हणजे धान्याच्या राशींचें. लांकूड करवतीनें कापण्याचें गणितहि क्रकचव्यवहार या नांवानें त्यांच्याच शेजारीं आहे. विद्यार्थ्यापुढें प्रथम विहीर येते, भिंत येते, खळें येतें. आंकडा त्यांच्या मागोमाग येतो.

त्यांतील एक विहीर अशी आहे : वरच्या तोंडाची लांबी १२ हात व रुंदी १० हात, तळ त्याच्या निम्मा, म्हणजे ६ हात व ५ हात, आणि खोली ७ हात. आजचा विद्यार्थी येथें सरासरी काढावयास धांवेल. लांबीरुंदीची सरासरी ९ व साडेसात घेतली तर घनफळ साडेचारशेंच्या पुढें, ४७२.५ येतें, वरच्या व खालच्या क्षेत्रफळांची सरासरी ७५ घेतली तर ५२५ येतें. दोन्ही सरासऱ्या प्रामाणिक, आणि दोन्ही चुकीच्या! भास्कराचार्य सांगतात, तोंडाचें क्षेत्रफळ १२०, तळाचें ३०, आणि लांब्यांची बेरीज १८ व रुंद्यांची बेरीज १५ यांचा गुणाकार २७०. या तिहींची बेरीज ४२०, तिला सहांनीं भागावें, ७०. हें समान क्षेत्रफळ, म्हणजे सर्व थरांची खरी सरासरी. त्यास सातांनीं गुणिलें म्हणजे ४९० घनहस्त. उतरत्या भिंतींच्या अशा विहिरीसाठीं ही रीत आजच्या भूमितीप्रमाणेंहि तंतोतंत खरी आहे.

धान्याच्या राशीची रीत याहूनहि गमतीची आहे. जाड्या धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दशांश, बारीक धान्याची अकराव्या हिश्श्याइतकी, आणि कुसळाच्या धान्याची नवव्या हिश्श्याइतकी धरावी. म्हणजे राशीवर चढून उंची मोजण्याचें कारणच नाहीं. दोरीनें भोंवतालचा परिघ मोजला कीं काम झालें! परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीनें गुणावें. जाड्या धान्याच्या राशीचा परिघ ६० हात असेल, तर उंची ६. सहावा भाग १०, त्याचा वर्ग १००. घनफळ ६०० घनहस्त. परिघ व्यासाच्या तिप्पट धरल्यानें हें उत्तर कांहींसें अधिक येतें. सूक्ष्म गणितानें तें सुमारें ५७३ भरेल. पण खळ्यावर उभें राहून करावयाच्या हिशेबाला ती रीत पुरेशी होती. रास भिंतीला टेकलेली असेल तर? मग दिसणारा परिघ दुप्पट करून हिशेब करावा आणि उत्तर निम्में घ्यावें. कोपऱ्यांत असेल तर चौपट करून चौथा हिस्सा घ्यावा. जें दिसत नाहीं तें मनानें पुरें करावें, आणि मग जेवढें नाहीं तेवढें वगळावें. घनफळाचीं अवघड उदाहरणें सोडविण्याची याहून चांगली युक्ति आम्हांस ठाऊक नाहीं.

मापटें, पायली आणि लाडू

हें ज्ञान ग्रंथांतच होतें असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या घरांतील वडील स्त्रिया कोठीच्या खोलींत रोज घनफळाचाच हिशेब करीत. दोन चिपटीं म्हणजे मापटें, दोन मापटीं म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. हीं मापें वजनाचीं नव्हत, तर भांड्यांचीं. म्हणजे शुद्ध घनफळाचीं. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापें हळूहळू रूढ झालीं, धान्य किलोनें येऊं लागलें, आणि मापटें माळ्यावर गेलें. परंतु ज्या घरांत तें अजून असेल, त्यांनीं तें खालीं काढून मुलांच्या हातीं द्यावें. एका मापट्यांत तांदूळ किती राहतात आणि पोहे किती राहतात, हें दोन्ही तोलून पाहिलें, म्हणजे घनफळ आणि वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ज्ञान मुलास पुस्तकावांचून होतें.

दुसरा प्रयोग लाडवांचा. एका लाडवाचा व्यास दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर त्या मोठ्या लाडवाच्या मोबदल्यांत लहान लाडू किती द्यावे? बहुतेक मुलें 'दोन' म्हणतील, कांहीं विचारी मुलें 'चार' म्हणतील. खरें उत्तर आठ आहे. कारण लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट आणि उंचीहि दुप्पट झाली, आणि दोन दुणे चार, चार दुणे आठ. हा हिशेब ज्या भावंडांनीं एकदां खाऊन पाहिला, त्यांना घनाचा अर्थ पुन्हां विचारावा लागत नाहीं.

धरणांतलें पाणी

येथवर वाचून कोणी म्हणेल, कीं परीक्षेपुरतें हें ठीक. पुढें त्याचा उपयोग काय? पुणेकरांना तरी हा प्रश्न पडूं नये. अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तळ्याचें पाणी बांधीव नळानें शहरांत आणिलें गेलें, आणि पेठांतून हौद भरूं लागले. काळा हौद, बदामी हौद हीं नांवें त्याच काळाचीं स्मारकें आहेत. त्या वेळीं पाणी किती आहे हें हौदांत डोकावून कळत असे. आज शहराची भिस्त मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगांव आणि टेमघर या चार धरणांवर आहे, आणि तेथील पाणी आपल्याला वर्तमानपत्रांतून कळतें. 'टीएमसी' आणि 'क्युसेक' या दोन शब्दांनीं.

हे शब्द आपण पावसाळाभर वाचतों. त्यांचा अर्थ घरांत एकदां तरी मांडून पाहावा. टीएमसी म्हणजे शंभर कोटि घनफूट पाणी. घनफुटांत सुमारें २८.३ लिटर पाणी मावतें. म्हणून एक टीएमसी म्हणजे सुमारें २,८३० कोटि लिटर. चारी धरणांचा उपयुक्त सांठा अनुक्रमें १.९७, १०.६५, १२.८२ आणि ३.७१ टीएमसी, मिळून २९.१५. क्युसेक मात्र सांठ्याचें माप नव्हे, तें वाहण्याचें माप आहे. एका सेकंदांत एक घनफूट पाणी जाणें म्हणजे एक क्युसेक. टीएमसी ही टाकी, क्युसेक ही तोटी. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणून दहा हजार क्युसेकनें चोवीस तास पाणी वाहिलें, तर ८६.४ कोटि घनफूट, म्हणजे पाऊण टीएमसीहून अधिक पाणी निघून जातें.

आतां या आंकड्यांकडे चित्र म्हणून पाहावें. वरच्या तिन्ही धरणांचें पाणी अखेर खडकवासल्यांत येतें, आणि खडकवासला हें या चौघांत सर्वांत लहान भांडें आहे. समजा, त्यांत पाव टीएमसीचीच जागा उरली आहे आणि वरून वीस हजार क्युसेकनें पाणी येत आहे. पाव टीएमसी म्हणजे पंचवीस कोटि घनफूट. त्यास वीस हजारांनीं भागिलें, १२,५०० सेकंद. म्हणजे साडेतीन तासांहून थोडा कमी अवधि. तेवढ्या वेळांत धरण भरणार, आणि त्यानंतर येईल तेवढें पाणी मुठेंत सोडावें लागणार. सातवींतल्या टाकीच्या उदाहरणांत आणि यांत रीतीचा कांहींच फरक नाहीं. फरक एवढाच, कीं येथें उत्तर चुकलें तर गुण जात नाहींत, घर जातें.

१२ जुलै १९६१ हा दिवस पुण्यांतील जुन्या घरांनीं विसरलेला नाहीं. पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें जुनें धरणहि गेलें, आणि नदीकांठच्या पेठांतील घरांमागून घरें पाण्याखालीं गेलीं. भिंतीवर पाणी कोठवर आलें होतें, त्या खुणा कित्येकांनीं पुढें वर्षानुवर्षें मुलांना दाखविल्या. अलीकडे २०२४ च्या जुलैंतहि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत लोकांच्या घरांत पाणी शिरलें. सूचना आंकड्यांत येतात. तो आंकडा आपल्या दाराशीं केवढा होऊन उभा राहील, हें पाहण्याची दृष्टि मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते.

पाण्याचा हिशेब केवळ भीतीचाच आहे असेंहि नाहीं. पुण्यांत वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद गच्चीवर तो सारा सांठून राहिला, तर ८० गुणिले ०.७ बरोबर ५६ घनमीटर, म्हणजे ५६,००० लिटर पाणी होईल. कांहीं पाणी उडून जाईल, कांहीं गळेल, हें सोडलें तरी पुष्कळ उरेल. आपल्या गच्चीचें माप घेऊन हें उदाहरण मुलांकडून अवश्य सोडवून घ्यावें. उत्तर ऐकून वडील मंडळीच चकित होतील.

वडील मंडळींस विनंति

मुलांना हें गणित शिकवितांना क्रम एवढाच ठेवावा. आधीं वस्तु पाहावी. ती समोर नसेल तर चित्र काढावें. मग उत्तराचा अंदाज बोलून दाखवावा, बादल्यांत, मापट्यांत किंवा बोटांच्या पेरांत. मग मापें एका भाषेंत आणावीं, आणि 'आंतील', 'बाहेरील', 'झांकण', 'उरलेलें' असे शब्द अधोरेखित करावे. गुणाकार त्यानंतर. आणि शेवटीं आलेलें उत्तर पुन्हां त्या अंदाजाशेजारीं ठेवून पाहावें. मूल चुकलें तर 'रीत चुकली' म्हणण्यापूर्वीं 'तुला टाकी केवढी दिसली?' एवढें विचारावें. दहांपैकीं आठ चुका त्या प्रश्नानेंच बाहेर येतील.

ज्या घरापासून आरंभ केला, तेथील पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. त्या पावसाळ्यांत एके रात्रीं काका नेहमींप्रमाणें बातम्या मोठ्यानें वाचून दाखवीत होते. धरणांत इतकें पाणी, आवक इतकी. मुलगा कोपऱ्यांत वही घेऊन बसला होता. थोड्या वेळानें तो म्हणाला, 'काका, असेंच पाणी येत राहिलें तर पहांटे तीनच्या आंत धरण भरेल.' काकांनीं चष्मा वर केला, वही मागून घेतली, आणि ओळीवर बोट ठेवून सारा हिशेब दोनदां तपासला. चूक सांपडली नाहीं. त्यांची धाकटी बहीण नदीकांठच्या वसाहतींत तळमजल्यावर राहते. काकांनीं उठून तिला फोन लावला, आणि गाडी वरच्या रस्त्यावर नेऊन ठेवावयास व महत्त्वाचे कागद माळ्यावर ठेवावयास सांगितलें. 'तुला कोणी सांगितलें?' असें तिकडून विचारलें असावें. कारण काका म्हणाले, 'आपल्या घरांतल्यानेंच हिशेब केला.'

आजी आंतल्या खोलींत वाती वळीत होत्या. त्यांनीं तें ऐकलें, आणि वळणें चालूंच ठेविलें.